अडकित्ता

कॉलेजातून खोकं आलं. वर लाल पेनानं: नाजूक.
आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली कवटी,
खरी नव्हे, नकलेची नक्कल,
आणि तिच्यावरून मला आणखी चार काढायच्या होत्या,
मुलांना हाताळायला, पंधरवड्याच्या आत.

परळच्या या तळमजल्यावर
मी एकवीस वर्षं कवळ्या बनवते.
माणसं मला तोंडापासून कळतात:
कोण एकाच बाजूनं चावतो,
कोण झोपेत दात खातो, कुणावर ते नाही कळत.

असा जबडा मात्र हाताखालून गेला नव्हता.
दाढ एकेक माझ्या अंगठ्याच्या नखाहून रुंद,
पुढचे दात इवलेसे,
दुधाचे पडायचे राहून गेल्यासारखे.
गालाची हाडं इतकी पुढे सरकलेली
की नाक बुडालं आहे मध्ये,
चेहरा नव्हे, पसरट थाळी.
आणि टाळूवर मधोमध हाडाची उभी कडा,
कोंबड्याच्या तुऱ्यासारखी.

कानशिलावर बोटं ठेवा, दात आवळा.
हलतं ना काहीतरी?
आपलं तिथंच संपतं.
त्याचं तुऱ्यापासून सुरू व्हायचं,
अख्खं डोकं चघळायच्या कामाला लावलेलं.
मेंदूची जागा मी बाजरी ओतून मोजली:
दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीएवढी,
जेमतेम.

खोकं आणणारी शर्वाणी गव्हाणकर म्हणाली,
सापडला तेव्हा याला अडकित्ता म्हणायचे.
एवढ्या दाढा, म्हणजे कवचंच फोडत असणार.
पन्नासेक वर्षांनी कुणीतरी
त्या दाढा सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिल्या.
फोडल्याचे खड्डे नाहीत. नुसते बारीक ओरखडे.
मग इनॅमलची चिमूटभर भुकटी काढून
तिच्यातल्या कार्बनला विचारलं, काय खायचास?
गवत, तो म्हणाला. गवत आणि लव्हाळी.

मी हसले नाही.
मला हरबाजी पेडणेकर आठवले.
गोदीत क्रेनवर होते, जबडा असा
की चाळीतली पोरं त्यांना हाडफोड्या म्हणत,
मीसुद्धा, जिन्याआड लपून.
पुढे शिकाऊ असताना पहिला साचा घेतला तो त्यांच्याच तोंडाचा.
दाढा पाट्यासारख्या सपाट, गुळगुळीत.
"मटण सोसत नाही गं मला," ते म्हणाले,
"जन्मभर नाचणीची भाकरी, ती पण कुसकरून.
जात्याची कच तेवढी फुकट."
आणि तोंडावर हात धरून हसले,
एवढा मोठा हात.

काल रात्री चौथी कवटी साच्यातून सोडवली.
तुऱ्यात हवेचा बुडबुडा राहिलाय. ती कॉलेज घेणार नाही.
घरी जाताना रस्त्याच्या दुभाजकात
महापालिकेचा माळी उपटून फेकतो ते लव्हाळं दिसलं,
तीन धारांची दांडी, खाली काळी गाठ.
नागरमोथा. दिवाळीत उटण्यात घालतो तो.
नळाखाली धुतली, दाढेखाली धरली.

आधी माती. मग कापरासारखा कडू वास,
मग नुसता चोथा.
मोजून अकरा मिनिटं. कानशिलं ठणकायला लागली,
मी थुंकले.

तो दिवसभर हेच करायचा.
पाण्याच्या कडेला उकिडवा बसून,
मुळं उपटायची, झटकायची, चघळायची,
शिकारीची गोष्ट नाही, विस्तवाची नाही,
सांगण्यासारखं काहीच नाही,
आणि असं दहा लाख वर्षं.
आपली अजून तीनच झालीत.

बुडबुडेवाली कवटी खिडकीत ठेवली आहे.
शेजारची विचारते, राक्षस आहे का हो?
नाही, मी म्हणते, शाकाहारी असावा बहुतेक.
अळ्याबिळ्या सोडल्या तर.
ती विश्वास ठेवत नाही. जबडा बघते.